मारुतीच्या गुडघ्याला पाणी

अहो, इकडे खाली बघा! मी बोलतेय. अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात उन्हात पसरलेली केशरी रबरी बोट. माझ्यावर कुणीतरी मोजे वाळत घातलेत, म्हणून मला गादी समजू नका. पुरातून माणसं काढणारी बोट आहे मी! आत्ता अंगात हवा नाही, पण गप्पा मारायला कुठे हवा लागते?

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. जाड कापडावर रबर चढवलं, पट्ट्या चिकटवल्या, हवा भरली आणि हौदात सोडून कुठे बुडबुडा येतो का ते बघितलं. एकसुद्धा आला नाही. तेव्हापासून थोडा ताठा आहे माझ्यात, खोटं कशाला बोलू?

मग ट्रकमधून नाशिकला आले. काय तो थाट! हळदकुंकू, हार, नारळ. एक पाहुणे लाइफ जॅकेट घालून कोरड्या फरशीवरच माझ्यात बसले आणि वल्हं हातात घेऊन त्यांनी फोटो काढून घेतला. वल्हं उलटं धरलं होतं. पण सांगणार कोण?

फोटो झाला आणि माझी घडी घालून मला गोदामात टाकलं. वर सतरंज्या, सतरंज्यांवर कॅरम. वर्षातून एकदा, गणपती विसर्जनाला, मला घाटावर नेत. बाप्पाला निरोप दिला की पुन्हा कॅरमखाली. माणसांचं हे असंच असतं. जी वस्तू जिवाला उपयोगी पडणार, तीच सगळ्यात तळाशी ठेवायची.

आमच्या पथकाचे प्रमुख कोंडाजी. मोठ्या मिशा आणि त्याहून मोठा आवाज. माणूस लाखाचा, पण घाईचा. त्यांच्या घाईपायी एकदा कमालच झाली. उन्हाळ्यात सुरगाण्याकडच्या एका डोंगराला वणवा लागला आणि आमच्या पथकाला बोलावणं आलं. आदल्या दिवशी सरावासाठी मला गाडीवर चढवलं होतं, ते उतरवायचंच राहून गेलं. डोंगरावर पोचल्यावर कोंडाजींनी ताडपत्री उचलली आणि कपाळावर हात मारला. आग विझवायला बोट!

तिथल्या पाड्यावरच्या अक्काबाई हिरव्या फांदीनं आग झोडपत होत्या. मला बघून त्या थांबल्याच.

"काय रं दादा, होडी आनलीस? अठं प्यायला पानी नाय, न तू होडी आनलीस!"

सगळा पाडा हसला. आग लागलेली असताना माणसं हसू शकतात, हे मी तिथे पाहिलं. कोंडाजींच्या मिशाच पडल्या. पण अक्काबाईंनी मला नीट चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, "फुगव तिला. टँकर आला का तिच्यातच पानी वत. आमी गोनपाटं भिजवू."

झालं! पाण्यावर तरंगायचं सोडून मी पाणी पोटात घेऊन बसले. लोक येत, गोणपाट बुडवत, पळत जाऊन आगीवर आपटत. संध्याकाळी वणवा विझला तेव्हा सगळ्यांची तोंडं काळी आणि दात पांढरे. एक ठिणगी उडून माझ्या कुशीला चिकटली होती, भोक पडलं होतं. चटका बसला खरा, पण कॅरमखाली पडून राहण्यापेक्षा तो बरा.

केंद्रावर दुरुस्तीची पेटी होती. तिच्यातला गोंद वाळून दगड झाला होता. मग कोंडाजींनी मला नासर्डी नदीच्या काठच्या एका गल्लीत नेलं. तिथे रहेमानभाईंचं पंक्चरचं दुकान आहे.

"साहेब, बोटीचं पंक्चर पहिल्यांदाच काढतोय," रहेमानभाई डोकं खाजवत म्हणाले.

"जमेल ना?"

"हवा ती हवा. ट्रकमधली काय न बोटीतली काय."

त्यांनी माझी कूस घासली, सोल्युशन लावलं, ठिगळ दाबून बसवलं आणि साबणाचं पाणी फासून बुडबुडे बघितले. ठिगळ वाळेपर्यंत मी गल्लीतच पडून होते. समोरच्या ओट्यावर वत्सलाबाई बसल्या होत्या. वय झालेलं, गुडघे धरलेले, पण जिभेला धार. रहेमानभाईंची बायको जहिदा हिनं आपली तान्ही सुहाना त्यांच्या पायांवर आणून ठेवली आणि त्या तिला तेल चोळू लागल्या. रोजचंच होतं ते. लेकीचं बाळंतपण करावं तशी जहिदाची काळजी घेतली होती त्यांनी.

"हे धेंड कशाला आणलंय इथे?" माझ्याकडे बघत वत्सलाबाई म्हणाल्या. "आपल्या गल्लीत पाणी यायचं तर आधी मारुतीच्या कमरेला लागायला हवं."

धेंड म्हणे! राग आला मला. पण त्या काय म्हणाल्या ते तुम्हाला समजावून सांगायला हवं. नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत, मारुतीत मोजतात. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, चांगला धिप्पाड. त्याच्या पायांना पाणी लागलं की लोक छत्र्या घेऊन पूर बघायला निघतात. कमरेला लागलं की काठावरचे दुकानदार सामान आवरतात. छातीला लागलं की सगळेच गंभीर होतात. पिढ्यान् पिढ्या हे माप चालत आलंय, आणि गोदावरीपुरतं ते खरंही आहे.

त्या पावसाळ्यात एका सकाळी शहरातले सगळे मोबाइल एकदम किंचाळले. सरकारी इशारा होता. अतिवृष्टी होणार, नदीकाठ सोडा. लोकांनी दचकून फोन उचलले, आवाज बंद केला आणि लगेच एकमेकांना फोन लावले. "मारुती कुठवर आलाय?" "गुडघ्याला." "मग ठीक आहे, चहा टाक."

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडीही आली, माझ्यासारख्याच केशरी बोटी घेऊन. सख्ख्या बहिणी भेटल्यासारखं वाटलं. त्यांना गोदाकाठ दिला आणि आम्ही नासर्डीकडे निघालो, कारण पाऊस त्या बाजूला कोसळत होता. नासर्डी एरवी नाल्याएवढी असते. त्या दुपारी तिनं असं रूप दाखवलं की मलासुद्धा धडकी भरली.

गल्लीच्या तोंडाशी रहेमानभाई भेटले. नखशिखांत भिजलेले. शेजारच्या म्हाताऱ्यांना उंचावरच्या शाळेत पोचवून परत येईपर्यंत मधला रस्ता पाण्याखाली गेला होता.

"साहेब, गल्ली रिकामी झालीय, पण वत्सलामावशी उठायला तयार नाहीत. आणि त्यांना सोडून जहिदा हलत नाही. लेकरूही तिथंच आहे!"

बोलता बोलता ते माझ्यात चढलेसुद्धा. वल्ही मारत, भिंतींना धरत आम्ही वत्सलाबाईंच्या घराशी गेलो. दोन घरं सोडून एक भिंत धपकन पाण्यात बसली. कोंडाजींनी माझं नाक दारातून आत घुसवलं.

आत पलंगावर वत्सलाबाई मांडी घालून बसलेल्या. पाणी पलंगाच्या पट्टीला टेकलेलं. शेजारी जहिदा मांडीएवढ्या पाण्यात, छातीशी सुहाना.

"मारुती कुठवर?" वत्सलाबाईंनी विचारलं.

कोंडाजींना खोटं बोलता येत नाही. "गुडघ्याला," ते म्हणाले.

"मग जा तुम्ही. गुडघ्याला पाणी असताना या घरातून कुणी उठलेलं नाही. माझ्या सासूबाई उठल्या नाहीत, मी नाही उठणार."

"मावशी," रहेमानभाई काकुळतीला आले, "आपली नासर्डी खाली टाकळीला जाऊन गोदावरीला मिळते. रामकुंडावरच्या मारुतीला हिच्या पुराचा पत्ताच लागत नाही!"

"आता तू मला मारुती शिकव!"

कोंडाजींनी समजावलं, हात जोडले, आवाज चढवला. म्हातारी ढिम्म. उचलून आणावं, तर त्या पलंगाची पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेल्या. पाणी चढतच होतं. मला वाटलं, आता यांना घेतल्याशिवाय परत जावं लागतं की काय.

तेवढ्यात जहिदानं काय करावं? तिनं सुहानाला सरळ वत्सलाबाईंच्या मांडीवर ठेवलं. पट्टीवरचे हात आपोआप सुटले आणि लेकराला धरायला आले. जहिदा वळली, पाण्यातून चालत आली आणि माझ्यात येऊन बसली.

"चला भाऊ," ती कोंडाजींना म्हणाली. "त्या दोघी बसू देत मारुतीची वाट बघत."

तिचा आवाज ठाम होता. पण माझी कड तिनं अशी आवळून धरली होती, की तिची नखं माझ्या रबरात रुतली.

"अगं ए जहिदा!" वत्सलाबाई ओरडल्या. "डोकं फिरलं का तुझं? या पाण्यात लेकरू घेऊन बसू मी?"

"तुम्हीच म्हणता ना, काही होत नाही म्हणून?"

वत्सलाबाईंनी सुहानाकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या दुपारी त्यांनी पाण्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"कोंडाजी, मेले बघत काय उभे राहिलात? धरा मला! गुडघे धरलेत माझे!"

परतीची वाट सोपी नव्हती. धार जोराची, मध्येच एक ओंडका येऊन नेमका माझ्या ठिगळावर आदळला. रहेमानभाईंनी तळहात त्या ठिगळावर दाबून धरला तो शाळेपर्यंत काढला नाही. ठिगळ टिकलं बरं का! बाहेरचा एक थेंब मी आत येऊ दिला नाही. आतून मात्र सुहानानं मला भिजवलं, त्याला माझा इलाज नव्हता. सगळे इतके हसले, की वत्सलाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी हसण्याचं की भीतीचं, ते कुणाला कळलं नाही.

शाळेच्या पायरीवर उतरल्यावर त्यांनी जहिदाच्या पाठीत एक धपाटा घातला. "पुन्हा असं केलंस तर याद राख!" आणि मग तिलाच मिठी मारून रडल्या.

आता माझं बरं चाललंय. कॅरम दुसऱ्या खोलीत गेलाय आणि दुरुस्तीच्या पेटीत ताजा गोंद आलाय. तुमच्याकडे एकच मागणं आहे. मारुतीला हात जोडा, जरूर जोडा, पण घरातून निघता निघता जोडा. फोन किंचाळला की उठा. माझी वाट बघत बसू नका.

काल पुन्हा इशारा आला होता, म्हणून तर आज अशी वाळत पडलेय. मला फुगवून कोंडाजी वाऱ्यासारखे त्या गल्लीत गेले. पाणी उंबऱ्यांना नुकतं लागत होतं आणि एकूणएक घराला कुलूप! आम्ही शाळेकडे वळलो, तर वरच्या पायरीवर सुहानाला कडेवर घेऊन वत्सलाबाई उभ्या. कोंडाजींना बघताच ओरडल्या, "हे काय, आत्ता येताय? आम्ही केव्हाचे आलोय!"

माझ्यात एकही माणूस बसला नाही. तशीच रिकामी परत आले मी, आणि सांगते, इतकी खूश मी आजवर कधीच नव्हते.