पिवळं फडकं

बाळाच्या मानेखालून हात अलगद सोडवून जयानं उशीखालचा फोन ओढला, आणि पाहते तर सात मिस्ड कॉल. सातही तानाबाईंचे.

काल लस दिल्यापासून बाळ तापानं फणफणलं होतं. दुपारी कुठं डोळा लागला, म्हणून तिनं फोनचा आवाज बंद केला होता. अर्ध्या तासापुरता. नवऱ्याच्या, धनंजयच्या स्कूटरवर ‘प्लंबिंगची तातडीची कामं’ असं लिहिलेलं होतं आणि खाली नंबर जयाचा. तो कामावर असला की फोन तिनं घ्यायचा. आज तो रोहण्याला मोटर बसवायला गेला होता, तिथं त्याला रेंज नव्हती.

तिनं उलट फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तानाबाई सत्तरीच्या, दोन गल्ल्या सोडून एकट्याच राहायच्या, डोळ्यांनी अधू. गुळगुळीत फरशीवर पाणी आणि त्यात त्यांचं पडणारं पाऊल जयाला इतकं लख्ख दिसलं की तिनं झोपलेलं बाळ तसंच खांद्यावर टाकलं आणि चपलेत पाय सरकवला.

तेवढ्यात फाटक वाजलं. दारात तानाबाईच. लुगडं पोटरीपर्यंत ओलं, श्वास लागलेला.

“पोरगी कशी हाय?”

“आजी, तुमच्याकडं पाणी...”

“पाण्याचं काय घेऊन बसली? पाइप फुटलता, केलं बंद. तू फोन काऊन नाई उचलला? रोज दुसऱ्या घंटीले उचलतं. दोन डाव पाण्यासाठी केला. मंग मले वाटलं, लेकराले काई झालं. फोन खाटेवर टाकला अन् निंगाली.”

त्यांनी उलटा हात बाळाच्या कपाळावर ठेवला. “घाम आला. उतरून राह्यला ताप.”

“पण बंद कसं केलं? दिसलं कसं तुम्हाला?”

तानाबाईंनी मूठ उघडली. आत ओलं, पिळवटलेलं पिवळं फडकं.

“तुह्या नवऱ्यानं बांधलं होतं पाणी बंद करायच्या कॉकाले. म्हणे, पाइप फुटला तं घाबरू नोको आजी, पिवळं दिसते थे फिरवजो. फिरवता फिरवता हातातच आलं. त्याले म्हणा, परत बांधून दे. साऱ्यायच्या घरी बांधते म्हणे तो.”

जयानं फडकं उलगडलं. मधोमध एक बदक.

बाळाच्या पहिल्या दुपट्यातून कापलेली पट्टी. दोन महिने ती ते दुपटं शोधत होती. पेटी तीनदा उपसली, वाऱ्यानं नेलं असेल म्हणून शेजारच्या गच्चीवरही पाहून आली. तेव्हा धनंजय समोर बसून मुकाट जेवत होता.

“काऊन वं, रडतं?”

“नाही. पाणी देऊ?”

“पाणी नोको माय. पाणी लय झालं आज. च्या मांड.”

चहा उकळेपर्यंत तिनं फोनचा आवाज पूर्ण वाढवला. बाळ तानाबाईंच्या मांडीवर दिलं आणि पेटीच्या तळातून त्याच कापडाचं, आता अंगात न जाणारं झबलं काढलं. कात्री लावताना हात थांबला. मग तिनं झबलं जमिनीवर पसरलं, बदकं मोजली, आणि प्रत्येक पट्टीवर एक येईल अशा बेतानं कापायला घेतलं.