दहापर्यंत

"गुडघे वाकवा. अजून वाकवा. आता तसंच चालून दाखवा बघू!"

तिसरीची मुलं संग्रहालयाच्या दालनात वाकून डुलत निघाली आणि हसता हसता एकमेकांवर पडली. सगळ्यांत पुढे मामा, साठीला टेकलेले, निळ्या गणवेशात, तसेच वाकलेले.

"दमलात ना? माकडही दमतं असं चालून. आता सरळ व्हा. आपलं मांडीचं हाड गुडघ्याकडे आत झुकतं, म्हणून पाय बरोब्बर अंगाखाली येतात. नुसतं उभं राहायला माणसाला काही कष्ट पडत नाहीत."

हे शेवटचं वाक्य ते तीस वर्षं म्हणत आले होते. हल्ली तिथे आले की जीभ अडखळायची.

मामांचं काम खरं तर आदिमानवाचे पुतळे पुसायचं आणि मुलांना काचेपासून लांब ठेवायचं. पण माहिती सांगणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, त्यांची जागा कुणी भरलीच नाही, आणि ऐकून ऐकून मामांना सगळं तोंडपाठ झालेलं. ती वाकडी चाल त्यांच्या अंगात इतकी भिनली होती, की घरी बायको त्यांची नक्कल करायची. ते कामावरून आले की स्वयंपाकघरातून गुडघे वाकवून, डुलत डुलत चहा आणायची. "घ्या, तुमच्या पूर्वजांनी पाठवलाय!"

गेल्या वर्षी ती पुन्हा तशी चालू लागली तेव्हा मामा पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशीही हसले. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "पुरे की आता, शिळी झाली नक्कल." तीही हसली. चौथ्या आठवड्यात ती दुधाच्या पातेल्यासकट आडवी झाली, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतूंचा आजार आहे, महिनाभर आधी आला असतात तरी फरक पडला नसता. मामांनी ऐकून घेतलं. पटलं मात्र नाही, आजतागायत नाही.

आज ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या होत्या. महिन्यापूर्वीच त्यांनी सांगून ठेवलं होतं, की काकू आधाराशिवाय दहा मोजेपर्यंत उभ्या राहिल्या तर पुढे चालायला शिकवू, नाहीतर उगाच त्यांचे हाल नकोत. तेव्हापासून मामा रोज सकाळी बायकोला पलंगापाशी उभं करून आकडे मोजत होते. काल सहापर्यंत मजल गेली होती.

बाईंनी हात सोडले. "एक... दोन..."

"टाचेवर भार दे," मामा म्हणाले. "गुडघे आत घे. अगं, सरळ, सरळ!"

"गप्प बसा हो जरा!"

चारला गुडघे वाकले. मामांनी तिला वरच्या वर झेललं.

"काल सहा झाले होते, शप्पथ. मी मध्येच बोललो ना, म्हणून झालं. पुन्हा एकदा घ्या, बाई."

बाईंनी पुन्हा घेतलं. या वेळी तीन.

"काका," बाई कमरेच्या आधाराचा पट्टा गुंडाळत हळूच म्हणाल्या, "आता चाकांची खुर्चीच बघा."

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुमच्या त्या माणसाला सरळ उभं राहायला किती वर्षं लागली होती?"

"लाखो."

"आणि मला मेलीला एकच महिना?"

मामांना हसू आलं आणि लगेच स्वतःची भयंकर चीड आली.

"तेव्हा तू का हसलीस गं? सांगायचं ना, की नक्कल नाहीये म्हणून."

"वाटलं, होईल आपोआप बरं. आणि तुम्ही किती दिवसांनी असे हसत होतात."

बाई येऊन गेल्या की तिचे पाय चोळायचे असत, तेवढंच करण्यासारखं उरलं होतं. ते तेलाची वाटी घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले. या टाचांच्या भेगांनी जन्मभर चादरींचे धागे ओढले होते. नाना मलमं झाली, त्या कधी भरल्या नाहीत. चालत्या पायाला भेगा असायच्याच, असं ती म्हणायची. आज त्यांचा अंगठा टाचेवरून फिरला आणि कुठेच अडला नाही. ते पुन्हा चाचपत राहिले.

"काय झालं हो?"

"भेगा गेल्या तुझ्या."

"खरंच?" तिने मान उचलून पाहायचा प्रयत्न केला. "सगळ्या?"

"सगळ्या," मामा म्हणाले, आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.