तेलाची वाटी भरलेली होती

मित्रांनो, डोंबिवलीच्या एका बैठ्या घरात, मागच्या पडवीतल्या फळीवर डावीकडून तिसरा बसलेला जुना ग्राइंडर म्हणजे मी. धार लावणारं यंत्र. माझ्या पोटात विजेची मोटर आहे आणि दोन्ही अंगांना दोन गोल दगड आहेत, एक जाडा आणि एक बारीक. दगड गरागरा फिरतात, त्यांना लोखंड टेकवलं की ठिणग्या उडतात आणि बोथट हत्याराला धार येते. काम सोपं वाटतं ना? मग एकदा बोटाचं नख जवळ नेऊन बघा. नको, नकाच नेऊ.

माझा जन्म विलायतेत झाला. लढाईच्या दिवसांत बोटीतून मला इकडे आणलं आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत एका लांबलचक टेबलाला बोल्टने आवळून टाकलं. तिथल्या शिपायांनी मला कधी नावाने हाक मारली नाही, पण काम भरपूर दिलं. लढाई संपली, शिपाई गेले, टेबलं उरली. गोदामात वर्षभर पडून होतो. धूळ खाणं म्हणजे काय ते मी तिथे शिकलो. पुढे सामानाचा लिलाव झाला आणि १९४७ साली ठाण्याच्या हरिहरशेठनी मला उचललं.

हरिहरशेठचा चरईत लहानसा कारखाना होता. भातगिरण्यांचे सुटे भाग तिथे तयार होत. शेठ तापट होते, पण कामाला चोख. माझ्यावर त्यांनी सहदेव नावाच्या कारागिराला नेमलं. हा सहदेव कोकणातला. अंगाने काटकुळा, बोलायला कमी, पण माझ्याशी मात्र बोलायचा. सकाळी आल्या आल्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "काय दादा, झोप झाली का?" विलायतेपासून इथपर्यंत मला दादा म्हणणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

माझा फिरता दांडा दोन पितळी बुशांमध्ये, म्हणजे कड्यांमध्ये, बसवलेला आहे. त्या बुशांना तेल लागतं. त्यासाठी माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक खोलगट वाटी आहे आणि वाटीच्या तळाला सुईएवढं भोक. वाटीत तेल घातलं की ते भोकातून हळूहळू आत उतरतं. तेच माझं जेवण. सहदेव स्वतःच्या पोटात चहा जाण्याआधी माझ्या वाट्या भरायचा. एक दिवस चुकला नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं भांडण याच वाक्यावरून झालं.

कारखान्यांत खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, त्याला विश्रांती द्यायची. आदल्या दिवशी सहदेव मला रॉकेलने पुसून काढायचा आणि ऑइलपेंटचा नवा हात द्यायचा. मग झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर नारळ. पहिल्या वर्षी हिरवा रंग दिला, मग निळा, मग पुन्हा हिरवा. एका वर्षी चक्क लाल दिला, कारण दुकानात तेवढाच शिल्लक होता. त्या वर्षी मी पोस्टाच्या पेटीसारखा दिसत होतो. इतर यंत्रांना रंग लावताना सहदेव चारदोन फटकारे मारून मोकळा व्हायचा. माझ्या बाबतीत मात्र कानाकोपऱ्यात, खाचाखोचांत, वाटीच्या आतसुद्धा कुंचला फिरवायचा. जुना रंग खरवडायला सवड कोणाला होती? थरावर थर चढत गेले. माझ्या पोटावरची नावाची पट्टी पहिल्या दोन वर्षांतच बुजली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कोणीतरी इतक्या मायेने नटवत असेल तर नाव घेऊन काय करायचंय?

पण मित्रांनो, पट्टीबरोबर आणखी काहीतरी बुजत होतं. डाव्या वाटीच्या तळाचं भोक दरवर्षी थोडं थोडं लहान होत होतं. १९५४ च्या दसऱ्याला आठवा थर बसला आणि ते पुरतं बंद झालं.

त्यानंतर सहदेव रोज येई, वाटीत तेल बघे, ती भरलेली दिसे. "आज भूक नाय वाटतं," असं म्हणून तो दोन थेंब वर घालायचा. वाटी काठोकाठ आणि आत बुश कोरडा ठणठणीत! मी तापत होतो, कुरकुरत होतो. तो कान लावून ऐकायचा आणि दगड तपासायचा, मोटर तपासायचा, नट आवळायचा. वाटीकडे त्याचं लक्ष जाईना, कारण ती भरलेली होती. माझ्या आयुष्यात मला वाचा हवी होती ती त्या दिवसांत. नुसता एक शब्द बोलता आला असता तरी पुरला असता.

दिवाळीच्या तोंडावर, गिरण्यांचं काम अगदी अंगावर आलेलं असताना, मी किंचाळलो आणि जागच्या जागी आवळलो. मोटरीतून धूर निघाला. हरिहरशेठ धावत आले.

"सहदेव! तेल घातलं नव्हतंस!"

"रोज घालतो, शेठ. आईशपथ. ही बघा की वाटी, भरलेली आहे."

शेठनी वाटी बघितली आणि त्यांचा पारा आणखी चढला. "मशीन बसल्यावर ओतलंस आणि मला दाखवतोस? चूक झाली तर झाली म्हणावं माणसानं. वर खोटं बोलतोस?"

कामचुकार म्हटलं असतं तर सहदेव भांडला असता, पण शेठनी त्याला खोटारडा म्हटलं होतं. त्याने माझ्यावरचं फडकं उचललं, त्याची घडी केली, ते टेबलावर ठेवलं आणि चपला घालून निघून गेला. त्याची भरलेली वाटीच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरली. एकटा मी साक्षीदार होतो, आणि तो असा मुका.

मला कोपऱ्यात टाकलं. माझ्या जागी नवं यंत्र आलं. दोन वर्षं माझ्यावर लोक रिकामी पोती टाकत होते. खरं सांगू? कोपऱ्याचं मला दुःख नव्हतं. सकाळी कोणी "झोप झाली का" म्हणून विचारत नव्हतं, याचं होतं. मग एक दिवस मला कल्याणच्या धोंडीबा भंगारवाल्याकडे पोचवलं. तिथे एका बाजूला मोडक्या बादल्या आणि दुसऱ्या बाजूला शिलाई मशीनचं पायडल, असा माझा शेजार होता.

माझे दगड काढून घेऊन बाकीचं लोखंड ओतशाळेत पाठवायचं, असा धोंडीबाचा बेत होता. तो डाव्या दगडाच्या नटावर पाना लावून जोर करत होता. नट हलेना, तेव्हा त्याने हातोडा उचलला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अहो थांबा! डावीकडचा नट उलट्या आट्यांचा असतो. सरळ फिरवलात तर आणखी आवळेल!"

ओरडणारा गृहस्थ धोतर-कोटातला, हातात छत्री, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. हेच गुरुदत्त. ठाण्याच्या एका कचेरीत कारकून आणि राहायला डोंबिवलीत. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. यांनी जुने ग्राइंडर जमवले होते! त्यांनी खाली बसून माझ्या दगडाला छत्रीच्या लाकडी मुठीने टिचकी मारली आणि कान दिला. दगड खणखणला. "तडा नाही," ते म्हणाले, आणि मला घेऊन आले.

घरी त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, बायका भांड्यांचा सोस करतात तर तुम्ही हसता. हे आठवं लोखंडी भूत!"

"अगं, आठवं नव्हे, सातवं. हाताने फिरवायचं ते यात धरत नाहीत."

"कोण धरत नाहीत? तुमच्याखेरीज आहे कोण?"

आणि ते खरंच होतं. अख्ख्या पंचक्रोशीत हा छंद त्यांना एकट्यालाच होता. दर रविवारी ते पडवीत बसून माझा रंग खरवडत. माझ्या पायाचा आकार मोजून, आटे मोजून वहीत टिपणं करत. दोनदा त्यांनी माझं गोत्र चुकीचं ठरवलं. एकदा तर मला जर्मन केलं! मग एका रविवारी अगदी तळच्या हिरव्या थराखाली काहीतरी पिवळं चमकलं. मंदाकिनीबाई पडवीच्या दारातून बघत होत्या. "पितळ आहे होय? मग सरका बाजूला, तुम्ही ओरखडे पाडाल." त्या आतून चिंच आणि मीठ घेऊन आल्या आणि देवघरातला तांब्या घासावा तशी ती पट्टी घासू लागल्या. एकेक अक्षर वर आलं. थॉर्नबी आणि मंडळी, १९३८, नंबर ४१७. माझं नाव मीच विसरलो होतो. गुरुदत्त लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते आणि बाई "पुरे, शेजारी बघतील" म्हणत स्वतःही हसत होत्या.

मग डाव्या वाटीची पाळी आली. वाटीत तेल सुकून काळा डिंक झाला होता. गुरुदत्तांनी तो काढला आणि तळाला सुई लावली. सुई आत जाईना. त्यांनी रंगाचा खडा टोकरून काढला, भिंगाखाली धरला आणि थर मोजले. ते आठ भरले. "तेल होतं," ते बाईंना म्हणाले. "वाट नव्हती."

माझा पूर्वीचा मालक कोण, ते त्यांनी धोंडीबाकडून काढून घेतलं. मधल्या सुट्टीत चरईत जाऊन ते हरिहरशेठना भेटले आणि घरी येऊन बाईंना सगळं सांगितलं, म्हणून मलाही कळलं. शेठ एवढंच म्हणाले होते, "सहदेवानं जाळलं ते. वर खोटं बोलला. आता विठ्ठलवाडीकडे दारोदार धार लावत फिरतो म्हणे."

पुढच्या रविवारी गुरुदत्त सहदेवला शोधून घेऊन आले. खांद्यावर धार लावायची, पायाने फिरवायची सहाण, केस पिकलेले. मला हिरवा-निळा बघायची सवय असलेल्या त्याने मला आधी ओळखलंच नाही. मग त्याचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथेच थांबला. गुरुदत्तांनी त्याला तो रंगाचा खडा दाखवला आणि काय झालं ते समजावून सांगितलं.

"तुम्ही रोज तेल घालत होता, सहदेव. ते आत उतरत नव्हतं."

सहदेवने खडा तळहातावर घेऊन उलटापालटा केला. "हा लाल... पन्नास सालचा," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच की हो साहेब. माझ्याच हातानं त्याचं तोंड बंद केलं."

मित्रांनो, दोन वर्षांहून जास्त मी वाट पाहिली होती की याची सुटका व्हावी. आणि झाली ती अशी. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. मला रडता येत असतं तर मी गंजलो असतो.

"शेठना काय सांगायचं?" गुरुदत्तांनी हळूच विचारलं. "रंगाचं नको सांगायला, हवं तर."

"सगळं सांगा," सहदेव म्हणाला. "चुकलो ते चुकलो. पण तेल घालायचो, तेवढं मात्र जरूर सांगा. खोटं बोललो नव्हतो."

आठ दिवसांनी हरिहरशेठ स्वतः आले. सहदेवही आला होता, पडवीच्या पायरीवर उभा. शेठनी कोणाशी न बोलता चष्मा काढला, माझ्या वाटीत बोट घातलं आणि मोकळं झालेलं भोक चाचपलं. खडा हातात घेऊन थर मोजले.

"रंगाचा डबा कोण आणून द्यायचा रे?" त्यांनी विचारलं.

विचारून त्यांनी स्वतःच उत्तर दिलं.

"मी. आणि थर जाड दे, पुढच्या दसऱ्यापर्यंत टिकला पाहिजे, असं कोण सांगायचं? तेही मीच." शेठनी खडा फळीवर ठेवला. "वाटीत मी साधी काडी घालून बघितली असती, सहदेवा, तरी कळलं असतं. बघितलं नाही. सोमवारी ये कामावर."

सहदेवने मान खाली घातली आणि उपरण्याने डोळे पुसले. गुरुदत्तांनी डावा बुश नवा बसवला होता आणि मोटर नव्याने गुंडाळून आणली होती. त्यांनी बटण दाबलं आणि मी फिरलो. आवाज नाही, कुरकुर नाही. क्षणभर मला वाटलं, आता हे दोघं मला उचलणार. गुरुदत्तांनाही तसंच वाटलं असावं. ते तोंडदेखलं म्हणाले, "नेता का याला?"

शेठ म्हणाले, "नको. नवं मशीन चांगलं चाललंय. टेबलावर जागा नाही."

सहदेवने माझ्याकडे बघितलं, वाट्या बघितल्या, दोन थेंब तेल घातलं आणि ते आत उतरेपर्यंत थांबला. मग दोघे स्टेशनच्या रस्त्याने निघून गेले. माझी साक्ष झाली, माझा माणूस सुटला, आणि मी फळीवर राहिलो.

इथे मला काही कमी नाही. नाव आहे, चकाकी आहे, रविवारी गुरुदत्त दोन मिनिटं चालवतात. पण माझ्या दगडाला लोखंड लागत नाही. चरईत आता सहदेव कोणत्या यंत्राला दादा म्हणत असेल, हा विचार मी करायचा नाही असं ठरवतो, आणि रोज करतो.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. ज्याच्यावर माया कराल त्याला नटवण्याआधी त्याचं तोंड कुठे आहे ते बघून ठेवा. आणि कोणी शपथेवर सांगत असेल की मी माझं काम केलं होतं, तर वाटीच्या तळाशी बोट घालून बघेपर्यंत त्याला खोटा म्हणू नका. तुम्ही तिथे असाल आणि तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर तेव्हाच्या तेव्हा बोला. मला बोलता येत नव्हतं.