एकाहत्तर सेकंद

सव्वातीन वाजले होते आणि यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे शांभवी ठिकाणावर पोहोचली होती. पडद्यावर अंतर होतं सहा मीटर. समोर मात्र नुसतं कारवीचं गचपण.

दोन वर्षांपूर्वी तिने चंदगडच्या या जंगलात नरक्या या औषधी झाडाची चाळीस रोपं निवडून प्रत्येकाशेजारी नंबराची पत्र्याची चकती खोवली होती. त्यांतली किती जगतात ते तीन हिवाळे मोजायचं. दोनदा मोजून झालं होतं. तिसरी मोजणी आज झाली नाही तर प्रबंधाची मुदत संपत होती आणि सगळे कष्ट वाया. रजाही आजच्यापुरतीच. पायथ्याहून शेवटची एसटी साडेपाचला.

पूर्वीचा वाटाड्या यंदा वारला होता; गेल्या वर्षीच तो थकलेला दिसत होता. म्हणून तिने तेव्हाच उसना जीपीएस आणून जागेचे आकडे टिपले होते. यंदाचं यंत्रही उसनंच, पण दुसरं. सकाळपासून त्याच्या बाणामागे ती तीन चढ चढली होती. पिंडऱ्या भरून आल्या होत्या.

"गावलं का, म्याडम?" दगडावर टेकत बयाबाईनं विचारलं. पायथ्याच्या वाडीतली ही बाई सोबतीला म्हणून आली होती.

"नाही."

"मग आता हितंच बसायचं व्हय?"

शांभवी खरंच खाली बसली. तिने वही उघडली. रेखांशाच्या ओळीत तिच्याच अक्षरात एकाहत्तर सेकंद लिहिले होते. सकाळी गाडीत यंत्राने एकाहत्तर घेतलेच नव्हते. तेव्हा तिला वाटलं, घाईत आपण इंग्रजी एकाचा आकडा सातासारखा काढला असेल; तिने अकरा घातले.

आता ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मिनिटात एकाहत्तर सेकंद नसतात. गेल्या वर्षीचं यंत्र मिनिटाचे शतांश दाखवत होतं, आणि पक्क्या वहीत उतरवताना तिने ते सेकंद म्हणून लिहिले होते. वर्गात मुलांना ती एककं न लिहिल्याबद्दल गुण कापायची. तिने मनात हिशेब केला: अकरा नव्हे, सुमारे त्रेचाळीस सेकंद; अक्षांशातला फरक किरकोळ. पूर्वेला जवळजवळ एक किलोमीटर. मधे ओढ्याची घळ.

"मावशी, माझी चूक झाली. नरक्याची लहान रोपं शोधतेय मी. शेजारी पत्र्याच्या चकत्या आहेत."

बयाबाई उठून उभीच राहिली. "नंबराच्या? अवो, मी शिकेकाईला रोज तिथनंच जातो की! सकाळीच का न्हाय बोलला?"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

"तुमचं यंत्र वाट दावतंय म्हटल्यावर मी अडाणी मधी कशाला त्वांड घालू?"

शांभवीला हसू आलं, पण हसायलाही दम लागत होता.

"यंत्र बंद करा आन् चला. घळीत उतरायचं न्हाय, वरनं वळसा हाय. तासभर लागंल. तुमची एसटी मातूर गावत न्हाय बघा."

"जाऊ दे एसटी."

पोहोचायला साडेचार झाले. बऱ्याच चकत्या गंजल्या होत्या, काही पालापाचोळ्याखाली गेल्या होत्या. बयाबाई काठीने पाला सारायची, शांभवी ओणवी होऊन नंबर वाचायची. काही चकत्यांशेजारी काहीच नव्हतं; काही ठिकाणी गव्याने खाऊन नुसते खुंट ठेवले होते. तेविसाव्या चकतीपाशी खालून एसटीचा हॉर्न ऐकू आला. तिने मान वर केली नाही.

"अकरा जित्ती," शेवटी बयाबाई म्हणाली. "चाळिसातली अकराच. म्याडम, येवढ्यापायी एवढी तंगडतोड?"

"एक राहिलंय." छत्तिसावं रोप आडवं पडलं होतं, एकही पान नव्हतं.

"त्ये मेलंय की."

शांभवी गुडघ्यांवर बसली आणि तिने बोटभर खोडाची साल नखाने हलकेच खरवडली. आत ओलसर हिरवं होतं.

"बारा," ती म्हणाली, आणि वहीत लिहिलं.