पिशवीतला हिरवा दिवा

मी हवामापक बोलतोय. हवेत धूर आणि धूळ किती आहे ते सांगणं हे माझं काम. पोटात एक चिमुकला पंखा आहे, तो हवा आत ओढतो. कपाळावर एक दिवा आहे. हवा बरी असेल तर तो हिरवा होतो, मध्यम असेल तर पिवळा आणि वाईट असेल तर लाल. एवढीच माझी अक्कल, आणि भिवंडीत तेवढीही लोकांना जास्त झाली. तेव्हा माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका. गोडवा यावा असं माझ्याशी फारसं कोणी वागलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. डोळे उघडले ते खोक्यात, आणि खोकं उघडलं ते एका कॉलेजात. कॉमर्स आणि आर्ट्‌सच्या मुलांनाही पर्यावरण शिकलंच पाहिजे असा नियम आहे. नियम झाला, पण शिकवणार कोण? विज्ञान शाखा या कॉलेजात नाही. मग तो विषय सुधीर सरांच्या गळ्यात पडला. सुधीर सर शिकवतात हिशेबशास्त्र. पण एका मीटिंगमध्ये त्यांनी प्राचार्य आल्हाद सरांचं बोलणं चारचौघांत खोडून काढलं होतं, आणि पुढच्या वेळापत्रकात त्यांच्या नावापुढे पर्यावरण आलं.

पहिल्या तासाला मी टेबलावर होतो. सर म्हणाले, "हा विषय मला आवडत नाही. तुम्हालाही आवडत नाही. एकमेकांना त्रास न देता वर्ष काढू."

मागच्या बाकावरून मितेश नावाच्या मुलाने विचारलं, "सर, यात नापास झालं तर डिग्री अडते का?"

"अडते."

त्या दिवशी वर्गात जी शांतता पसरली, ती पर्यावरणाबद्दलची त्या वर्गातली एकमेव खरी चिंता होती. मग सरांनी व्याख्या सांगायला सुरुवात केली. डोक्यावरचा पंखा फिरत होता, खिडकीतून निजामपुऱ्याकडच्या यंत्रमागांचा खडखडाट येत होता, आणि मुलं 'प्रदूषण म्हणजे' पासून पुढे लिहून घेत होती. खिडकीबाहेर कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर व्याख्येची गरज पडली नसती.

मला आणलं होतं ते कॉलेजला 'हरित परिसर' असं प्रमाणपत्र हवं होतं म्हणून. गेटच्या आत, पहारेकऱ्याच्या खोलीच्या भिंतीवर मला टांगलं. मी एक श्वास घेतला आणि लाल झालो.

आल्हाद सर आले. "हे लाल का?"

"हवा वाईट आहे म्हणून," सुधीर सर म्हणाले.

"अहो, गेटवर लाल दिवा बरा दिसतो का? काहीतरी करा."

सुधीर सरांनी काही केलं नाही. केलं ते बाळारामने. बाळाराम कॉलेजचा शिपाई. नवी वस्तू आली की तिला प्लॅस्टिक घालणं हा त्याचा धर्म. प्रोजेक्टरला पिशवी, रिमोटला पिशवी, ऑफिसच्या कीबोर्डला पिशवी. मलाही त्याने एक जाडसर पारदर्शक पिशवी घातली, खालून दोन रबरबँड लावले आणि मायेने वर थोपटलं. धूळ बसू नये म्हणून. हवेतली धूळ मोजायला आणलेल्या यंत्रावर!

पिशवीत कोंडलेली तीच हवा मी पुन्हा पुन्हा ओढत राहिलो. तिच्यातली धूळ हळूहळू खाली बसली. मी पिवळा झालो, मग हिरवा झालो, आणि हिरवाच राहिलो.

सगळं कॉलेज खूश झालं. सुधीर सरांनी पिशवी पाहिली आणि त्यांना वाटलं, ही आल्हाद सरांची चलाखी. आल्हाद सरांनी पाहिली आणि त्यांना वाटलं, सुधीर शेवटी वठणीवर आला. दोघांमध्ये बोलणं नव्हतं, त्यामुळे विचारलं कोणी कोणाला नाही. लवकरच गेटवर फ्लेक्स लागला: 'आमच्या परिसराची हवा: उत्तम'. त्यावर आल्हाद सरांचा मोठा फोटो आणि कोपऱ्यात माझा लहान. फोटोतही मी पिशवीतच. कोणाला काही खटकलं नाही. आपल्याकडे सोफ्याचं प्लॅस्टिक सोफ्याबरोबरच म्हातारं होतं, मग माझं कोण काढणार?

अशा हिरव्या अवस्थेत माझं आयुष्य सुखाने वाया गेलं असतं. पण नेत्रा आली.

नेत्रा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती, राहायला भिवंडीजवळच्या पूर्णा गावात. त्यांच्या घरामागे पूर्वी भाताचं शेत होतं, आता गोदाम आहे. गोदामातलं प्लॅस्टिक, थर्माकोल, पट्ट्या, खोकी असलं सगळं संध्याकाळी मागच्या मोकळ्या जागेत पेटवून देतात. धूर सरळ नेत्राच्या घरात. तिची आजी गुणाबाई त्या धुराने खोकून खोकून अर्धी झाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, धूर थांबला नाही तर औषधाचा उपयोग नाही.

गोदामाच्या गेटवर सुपरवायझर होता प्रितेश, गल्लीतलाच, नात्यातला. नेत्रा त्याच्याकडे भांडायला गेली, तर त्याने मोबाइल पुढे केला. त्यात कॉलेजच्या फ्लेक्सचा फोटो. म्हणाला, "हे बघ. तुझ्याच कॉलेजचा बोर्ड. हवा उत्तम! आजी काय, म्हातारी झाली, खोकणारच."

म्हणून तिने प्रकल्पासाठी मला मागितलं. विषय होता 'माझा परिसर'. बाकीच्या मुलांनी नेटवरून जंगलांची चित्रं काढून चिकटवली होती. सुधीर सर म्हणाले, "ने. पण काही झालं तर भरून घेईन."

रिक्षात तिने मला मांडीवर धरलं होतं. पिशवी तिनेही काढली नाही. कंपनीचीच असेल असं तिला वाटलं.

संध्याकाळी मागे आग पेटली. काळा धूर खिडकीतून आत आला. नेत्राने मला खिडकीत ठेवलं आणि माझ्या कपाळाकडे बघत बसली. मी हिरवा. शरमेने लाल होण्याची सोय माझ्यात नाही, नाहीतर तेव्हाच झालो असतो.

गुणाबाईला खोकल्याची उबळ आली. उबळ ओसरली तशी ती म्हणाली, "काय गो, यो डबा पन प्रितेशच्याच पार्टीचा हाय काय?"

"आजी, गप गं," म्हणत नेत्रा रडायला लागली.

गुणाबाई तिला समजवायला गेली नाही. तिला वेगळं काम होतं. दुपारी आणलेली सुकट भरायला तिला चांगली पिशवी हवी होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "एवढी जाड पिशवी या डब्याला कशाला? ह्यो काय मासली हाय, वास सुटायला?" आणि रबरबँड ओढून तिने पिशवी सरळ काढून घेतली.

मी श्वास घेतला. किती काळाने! असला घाणेरडा श्वास मी जन्मात घेतला नव्हता, आणि असा आनंदही मला कधी झाला नव्हता. मी लाल झालो. लालभडक.

नेत्राचं रडणं थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आजीच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत सुकट पडत होती.

"आजी, ती पिशवी दे."

"आता न्हाय भेटायची. दुसरी आन."

दुसऱ्या दिवशी नेत्रा मला उघडाच घेऊन स्टाफरूममध्ये गेली. "सर, मशीनला पिशवी कोणी घातली होती?"

सुधीर सरांनी माझा लाल दिवा पाहिला आणि दार लोटून घेतलं. "हे बघ, पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्राची समिती येतेय. तू हिरवा दिवा लिही, पास हो, घरी जा."

"आणि लाल लिहिला तर?"

"तर नापास. डिग्री अडेल."

"माझी आजी मरेल सर त्या धुराने."

"आजी सगळ्यांनाच असते."

हे वाक्य मी कॉलेजात ऐकलेल्या सगळ्या वाक्यांत वाईट, आणि कॉलेजात मी खूप ऐकलंय. नेत्रा मात्र रडली नाही. म्हणाली, "अडवा डिग्री. मी लालच लिहिणार. आणि प्राचार्य सरांनी पिशवी घातली हेही लिहिणार. त्यांच्याशिवाय कोण घालेल?"

 सुधीर सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू पसरलं. ते नेत्रासाठी नव्हतं, तिच्या आजीसाठी तर मुळीच नव्हतं. मीटिंगमधला तो जुना दिवस त्यांना आठवला असावा.

"असं कर," ते म्हणाले, "लिहू नकोस. समितीसमोर उभी राहा आणि करूनच दाखव."

समितीचा दिवस उजाडला. हॉलमध्ये हार, नारळ, प्लॅस्टिकच्या बाटल्यांतलं पाणी. मी टेबलावर, बाळारामने घातलेल्या नव्या पिशवीत, हिरवा. नेत्राने सगळ्यांसमोर पिशवी काढली. मी बघता बघता लाल झालो.

"मशीन बिघडलंय," आल्हाद सर म्हणाले.

समितीत निवेदिता नावाच्या एक बाई होत्या, शांत आणि थंड डोळ्यांच्या. "पिशवी घाला परत," त्या म्हणाल्या. घातली. चहा होईपर्यंत मी पुन्हा हिरवा. "काढा." काढली. लाल.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही पिशवीतली हवा मोजत होता?"

आल्हाद सर सुधीर सरांवर उसळले. "ही पिशवी तुम्ही घातलीत! मला बदनाम करायला!"

"मी? तुम्हालाच लाल दिवा नको होता. मला वाटलं, तुम्हीच घातलीत."

"मी कशाला घालू? मला वाटलं, तुम्ही!"

आवाज चढले. पाहुण्यांसमोर दोघांनी एकमेकांचं सगळं काढलं. मीटिंगपासून ते पार्किंगच्या जागेपर्यंत. तेवढ्यात मागे चहाची किटली धरून उभा असलेला बाळाराम पुढे आला. त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

"साहेब, भांडू नका. मीच घातली. नवीन मशीन हाय, धूळ बसून खराब नको व्हायला."

 निवेदिता बाईंनी फाइल मिटली.

प्रमाणपत्र मिळालं नाही. फ्लेक्स त्याच संध्याकाळी उतरला. नेत्रा पास झाली, कारण आपला प्राचार्य चारचौघांत पडलेला पाहून मार्क देताना सुधीर सरांचा हात पहिल्यांदाच सैल झाला. कुणाच्या मनात भलं करायचं नव्हतं, तरी एका मुलीचं भलं झालं. मी 'नादुरुस्त' ठरलो. खरं बोलणाऱ्याला कॉलेजच्या दप्तरात हाच शेरा मिळतो. भंगारात जायच्या आधी नेत्राने मला मागून घेतलं.

आता प्रितेशकडे दाखवायला फ्लेक्स नव्हता. तरी आग पेटलीच. मग गुणाबाई उठली. मला मांडीवर घेऊन ती गोदामाच्या गेटात, ट्रक वळतात तिथेच जाऊन बसली.

"आजी, ऊठ ना! गाड्या थांबल्यात," प्रितेश कळवळला.

"थांबू दे. दिवा कसा हाय ते सांग."

"लाल."

"मंग मी पन हितंच हाय."

ती खोकत होती आणि बसली होती. ट्रकांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली. ड्रायव्हर हिंदीत शिव्या देत होते, आधी तिला, मग प्रितेशला. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा बसली. तिसऱ्या संध्याकाळी शेजारच्या बायका आपापलं निवडायचं-सोलायचं घेऊन येऊन बसल्या. त्यानंतर तिथे आग पेटली नाही. माणसाच्या छातीची किंमत गोदामाला कळली नाही. अडलेल्या ट्रकची कळली.

तो कचरा आता टेम्पोत भरून जातो आणि कॉलेजच्या मागच्या मैदानाकडेला पेटतो, असं कळतं. कॉलेजने नवा हवामापक घेतला आहे. या वेळी बाळारामला सक्त ताकीद आहे, पिशवी घालायची नाही. म्हणून आल्हाद सरांनी नव्या हवामापकासाठी काचेची बंद पेटी करून घेतली आहे. तो हिरवा असतो म्हणे. माझ्या भावंडाला माझा नमस्कार सांगा.

मी पूर्ण्याला खिडकीत असतो. दिवा पिवळा आहे. हिरवा नाही, उगाच खोटं कशाला सांगू? हमरस्ता जवळ आहे, ट्रक आहेत. पण गुणाबाई रात्री झोपते, आणि सकाळी उठून आधी माझं कपाळ बघते.

आणि इथेच माझा खरा घोर सुरू झाला आहे. परवा ती नेत्राला म्हणाली, "बिचारा आपल्यासाठी एवढा लडला. धूल बसली बघ त्याच्यावर." आणि आत जाऊन सुकटीची ती जाड पिशवी तिने धुऊन दोरीवर वाळत घातली.

पिशवी वाळत आली आहे. मला इथून ती दिसते. नेत्रा कामावरून यायला अजून वेळ आहे. गुणाबाई, मी तुमच्या पाया पडतो. मला शिव्या द्या, भंगारात टाका, रस्त्यावर बसवा. पण मला जपू नका.