लोटूमामाची मांडी

त्या मे महिन्यात सुरतेतल्या डिंडोलीत असं ऊन पडलं होतं की कावळे स्वतःच्याच सावलीत पाय ठेवून चालत. खोटं वाटत असेल त्याने कावळ्यांना विचारावं. अशा उन्हात, सुट्टीने ओस पडलेल्या एका शाळेत पोरांचं शिबिर भरलं होतं. सगळ्यांना एकच दुखणं, हिमोफिलिया. रक्त वाहू लागलं की थांबायचं नाव नाही. आईच्या अंगातून मुलाकडे उतरणारं दुखणं. आपल्या शिरेत आपणच सुई कशी टोचायची, हे पोरांना इथे शिकवत.

लिंबायतहून सुवर्णा तिच्या सागरला घेऊन आली होती. पोर नऊ वर्षांचं, बोलण्यात वाघ आणि सुई दिसली की शेळी.

एके दिवशी भर दुपारी, बाकीची पोरं निजलेली असताना, सागर लंगडत आईकडे आला. गुडघा नारळाएवढा फुगलेला.

"काय व्हयनं रे?"

"पायऱ्यांवरून उडी मारली. तो म्हणाला, मार."

"कोण तो?"

"चौकड्याच्या चड्डीवाला. पुढचा दात पडलाय त्याचा. सारखं तोंड पुसतो. लोटू नाव सांगितलं."

त्या उन्हात सुवर्णाच्या पायाखालची फरशी गार झाली. लोटू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. गावी त्याचा दुधाचा दात पडला, आणि रक्त थांबलं ते लोटू थांबल्यावरच. लग्नानंतर सुरतेत तिने ते नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

शिबिरातल्या प्रमिला सिस्टरांनी औषध कालवलं. "घाबरू नका ताई. औषध शिरेत गेलं की गुडघा मुकाट ऐकतो. चल रे वाघा, शिकवलंय तसं टोच."

सागरने सुई टेकवली, तोच हाताला हिसका बसला. सुई खाली. दुसरी काढली, तीही खाली.

"हात का ओढतोस?"

"मी नाही! तो ओढतो. म्हणतो, आधी मला."

सिस्टर हसल्या. मग बंद पंख्याखाली भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं आणि त्यांचं हसू अर्ध्यावरच राहिलं. "ही शेवटची सुई," त्या हळूच म्हणाल्या. "कालवलेलं औषध फार वेळ टिकत नाही. रक्त आत साचत राहिलं तर पाय कायमचा वाकडा होईल."

पोराला उचलून पळावं, असं सुवर्णाला वाटलं. पण घाबरलेली बाई पळते, घाबरलेली बहीण ओरडते. ती बाकावर सागरच्या मागच्या रिकाम्या जागेकडे वळली.

"लोट्या! लाज नाही वाटत? भाच्याच्या ताटात मामा हात घालतो का कुठे?"

कॅलेंडर थांबलं.

सुवर्णाच्या माहेरी भाचा पाळण्यात असला तरी मामा त्याच्या पाया पडतो. भाच्याचं पान आधी, मामाचं मागून. पण लोटूला हे कोण सांगणार? पोर बिचारं नवव्या वर्षी गेलं. आपण मामा झालो हेच त्याला ठाऊक नव्हतं.

सुवर्णाचा आवाज उतरला. "तुना भाचा शे तो. मांडीवर ले त्याले."

कान टोचताना भाच्याने मामाच्या मांडीवर बसायचं असतं. सागरचे कान डॉक्टरांनी टोचूच दिले नव्हते. ती मांडी राहिली होती.

सागर बाकावर मागे सरकला. कुणीतरी ओढून घ्यावं तसा जरा उचलला गेला.

"माय, हाडं टोचताहेत त्याची."

"टोचू दे. बस."

या वेळी हात हलला नाही. कोपराजवळची कातडी कुणीतरी धरल्यासारखी दबली होती. सिस्टरांनी ते पाहिलं. त्या आजही नाही म्हणतात, पण विचारलं की आधी पाणी मागतात. सागरने ओठ चावला आणि स्वतःच सुई आत सरकवली. नळीत लाल रेघ आली. औषध गेलं, सगळं गेलं.

सिस्टरांनी गुडघ्यावर बर्फ ठेवला. "उतर आता," सुवर्णा म्हणाली.

"तोच उतरलाय, माय. खाली वाकलाय."

"कशाला?"

सागरने पायांकडे बोट केलं. धुळीने पांढऱ्या पडलेल्या त्याच्या दोन्ही पावलांवर छोट्या तळहातांचे ठसे उमटत होते. ओले, तांबडे.

सुवर्णाने पुसायला पदर पुढे केला, पण तिचा हात तिथेच राहिला. ठसे कडेने काळपट पडत गेले आणि तिच्या डोळ्यांदेखत सुकले.

लोटूचं रक्त थांबलं होतं.