सीटची उंची

दादा घर लहान करत होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याला जिने नकोसे झाले होते, म्हणून वहिनीने तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा बघितली. त्या जागेत त्याची शर्यतीची जुनी सायकल मावणार नव्हती. रविवारी भंगारवाला येणार होता.

मी म्हटलं, मला दे. दादा हसला. लहानपणी त्या सायकलला मी हात लावलेलाही त्याला खपत नसे. मी एकदा सीट खाली करून मागितली, तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. सीट त्याच्या मापाची होती आणि सीटखालच्या दांड्यावर त्याने खिळ्याने खूण करून ठेवली होती. तेव्हापासून ती सायकल माझ्या मनात रुतून बसली, हे मी आज या वयातही कबूल करते.

अखेर त्याने अट घातली. दारापासून कोपऱ्यापर्यंत चालव आणि कोपऱ्यावर थांबव, तर तुझी.

मी शिवणकाम करते, सायकलमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरी माझ्या शिवणाच्या खोलीत कापायच्या टेबलाशेजारी सायकल उलटी केली आणि आठवडाभर तिच्या मागे हात धुऊन लागले. डावं पेडल उलट्या बाजूला फिरवून सुटतं हे कळेपर्यंत दोन दिवस गेले आणि माझं मनगट कामातून गेलं. हँडलसाठी मात्र मी जाड कापडाची उरेब पट्टी कापली. तिरपं कापलेलं कापड वळणावर चुणी न घेता बसतं, हे मला कोणी शिकवायला नको. घासणाऱ्या प्रत्येक जागी शिवणयंत्राचं तेल दिलं. सीटला तेवढा हात लावला नाही. सायकल आधी माझी व्हायला हवी होती.

रविवारी सकाळी सायकल दादाच्या दारात नेली. वहिनी फाटकाशी उभी राहिली. मी चवड्यांवर उभी राहून कशीबशी टांग टाकली आणि निघाले. सायकल लोण्यासारखी चालली. कोपरा आला, मी दोन्ही ब्रेक दाबले आणि कोपरा मागे गेला. पुढे शेजाऱ्यांचं कुंपण होतं म्हणून बरं.

दादा लंगडत आला. मी धड आहे हे त्याने बघून घेतलं, मग चाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट चमकलं.

"हे काय लावलंस, बुटके?"

"मशीनचं तेल. ब्रेक तिथे घासत होता ना."

"अगं, तो घासतो म्हणून तर सायकल थांबते."

मला हसू आलं आणि रडूही. आठवडाभर राबून मीच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. म्हटलं, अट म्हणजे अट, जाऊ दे भंगारात.

त्याने सायकल ढकलत घरी नेली, वहिनीकडून साबणाचं पाणी मागवलं आणि पायरीवर बसून दोन्ही चाकांच्या कडा पुसल्या, ब्रेकची रबरंही पुसली. मग माझ्याकडे हात केला.

"पाना दे."

त्याने सीटचा नट सैल केला. खिळ्याची खूण दांड्याबरोबर आत गेली. मला बसवलं, पाय टेकतात का बघितलं, पुन्हा उतरवून बोटभर खाली घेतली. मी जन्मभर लोकांची मापं घेतली. माझं माप कोणी इतकं मन लावून घेतल्याचं मला आठवत नाही. मला फार बरं वाटलं.

"कोपरा अजून बाकी आहे," मी म्हटलं.

"तो आता तुझा तू बघ."

मी निघाले. कोपऱ्यावर ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी थांबली. दाखवायला म्हणून मागे वळले, तर दादा केव्हाच आत गेला होता.